फळी कुठे फुटते

(दक्षिण ओहायोतल्या मराठी मंडळींच्या हिवाळी बैठकीत दिलेलं व्याख्यान, वाचण्यासाठी थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी. बाहेर बर्फ पडतोय, रस्ते निसरडे आहेत, तरी तुम्ही आलात. मनापासून आभार.

एका खेळीपासून सुरुवात करतो. तारीख १३ फेब्रुवारी २०२२. लॉस एंजेलिसजवळ इंगलवुडचं सोफाय स्टेडियम, सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम विजेतेपदाचा, सामना. लॉस एंजेलिस रॅम्स २३, आपले सिनसिनाटी बेंगल्स २०. घड्याळात ४३ सेकंद उरलेत. चेंडू आपल्याकडे आहे, रॅम्सच्या ४९ यार्डांच्या रेषेवर. तीन प्रयत्न झालेत, हा चौथा आणि शेवटचा. हवाय फक्त एक यार्ड. तीन फूट. तो मिळाला तर खेळ चालू राहतो, आणखी थोडं पुढे गेलं की लाथेने चेंडू खांबांमधून घालून बरोबरी साधता येते.

चेंडू मागे येतो. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, जो बरो तो घेऊन समोर बघतो. तिकडे झेल घेणारा जमार चेस त्याच्यावर डोळा ठेवून असलेल्या बचावपटूला मागे टाकून मोकळा धावतोय. नंतर चित्रफीत थांबवून थांबवून मी ती खेळी किती वेळा पाहिली याचा हिशेब नाही. चेस मोकळा आहे. बरोला आणखी अर्धा सेकंद मिळाला असता तर त्याने मान वर करून चेंडू तिकडे फेकला असता, एवढं मला आजही वाटतं. पण तो अर्धा सेकंद नव्हता. रॅम्सचा अ‍ॅरन डॉनल्ड बरोला राखणाऱ्या पाच जणांची फळी (इंग्रजीत लाइन) मधूनच फोडून आत शिरला, त्याने बरोला कमरेला धरून गरकन फिरवलं, आणि खाली पडता पडता बरोने चेंडू कसाबसा सहकारी समाजे पेराइनच्या दिशेने भिरकावला. चेंडू जमिनीवर पडला. डॉनल्ड हेल्मेट काढून आपल्या अंगठीच्या बोटाकडे (विजेत्यांना अंगठी मिळते) खूण करत धावत सुटला.

त्या रात्री बरोला सात वेळा चेंडूसकट पाडलं. त्याला सॅक म्हणतात, आणि सात हा सुपर बोलच्या विक्रमाशी बरोबरी करणारा आकडा आहे. बहुतेक सॅक दुसऱ्या सत्रातले. त्यातल्याच एकात त्याचा गुडघा दुखावला आणि तशाच गुडघ्यावर तो शेवटपर्यंत खेळला.

त्या सामन्यानंतर सिनसिनाटीत जो तो एकच वाक्य बोलत होता: ‘लाइन वाईट आहे.’ ऑफिसात, दुकानात, न्हाव्याकडे, सगळीकडे. खोटं नव्हतं ते. पण ती वाईट का झाली, कधीपासून झाली, आणि इतका पैसा ओतूनही पुरती का सुधारत नाही, याचं उत्तर कोणी नीट देत नव्हतं. मी गेली काही वर्षं त्याच प्रश्नाच्या मागे आहे. आज तेच तुमच्यापुढे मांडतो.

मी इथे राहायला आलो तेव्हा हा खेळ मला कळत नव्हता. क्रिकेट आणि कबड्डीवर वाढलेला माणूस मी. सगळे बघतात तेच बघायचो, चेंडू कुठे जातो ते. मग एकदा कामावरचे एक ज्येष्ठ सहकारी मला स्टेडियमवर घेऊन गेले. आमच्या जागा खालच्या बाजूला, मैदानाच्या टोकाशी होत्या. ते म्हणाले, ‘एक पूर्ण पाळी चेंडूकडे बघू नकोस. मधल्या पाच जणांचे पाय बघ.’ मी बघितले. त्या दिवसापासून माझा खेळच बदलला.

काय दिसतं तिथे? मध्ये सेंटर, तो वाकून चेंडूवर हात ठेवतो. त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड, आणि टोकांना दोन टॅकल. पाच माणसं, एकेकाचं वजन १३५ ते १५० किलो. चेंडू हातात घेऊन धावायचं नाही, कौतुक होईल असं काही करायचं नाही. समोरून येणाऱ्याला अडवायचं, पण त्याचा अंगरखा धरून ओढायचं नाही. ओढलं की दहा यार्डांचा दंड. फेकीच्या खेळीत हे पाचजण मागे सरकतात, पण पाठ फिरवून नाही. तोंड समोर, गुडघे वाकलेले, आणि पाय खेकड्यासारखे तिरपे, छोटे छोटे, जमिनीला घासत. त्यांच्यामागे जी रिकामी जागा तयार होते तिला पॉकेट म्हणतात. तिथे क्वार्टरबॅक उभा असतो. त्याला साधारण अडीच सेकंद मिळाले तर काम होतं. तीन मिळाले तर दिवाळी. (या पॉकेटची आखीव पद्धत बसवण्याचं श्रेय ज्यांना दिलं जातं, त्या पॉल ब्राउन यांनीच आपला हा संघ उभा केला, १९६८ पासून तो मैदानात उतरला. मला हे फार लागतं. त्यांच्याच संघाला पॉकेट टिकवता येऊ नये!)

आता कबड्डी आठवा. साखळी आठवा. बचाव करणारे हातात हात धरून उभे असतात. चढाईपटू आत आला की तो कोणाला शोधतो? सगळ्यात किरकोळ गड्याला? नाही. तो हात कुठे सुटतोय ते शोधतो. एकाने पुढे झेप घेतली आणि शेजारचा जागेवरच राहिला, की चढाईपटू त्या फटीतून निसटलाच. दोघेही गडी तगडे असले तरी.

इथेही तेच आहे. बचावाची बाजू मुद्दाम फसवे डाव टाकते. समजा गार्डच्या समोर एक धिप्पाड आहे आणि टॅकलच्या समोर एक चपळ गडी. चेंडू हलला की धिप्पाड तिरका बाहेर घुसतो, थेट टॅकलच्या अंगावर, आणि चपळ त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत, गार्डच्या जागेवर. याला स्टंट म्हणतात. गार्डने आपल्या माणसाच्या मागे धाव घेतली तर तो टॅकलला जाऊन आदळतो, दोघे एकमेकांत अडकतात आणि मधे दार उघडतं. करायचं असतं ते उलटं. गार्डने धिप्पाडाला शेजाऱ्याकडे ढकलून द्यायचं, स्वतः जागेवर थांबायचं आणि येणाऱ्या चपळाची वाट बघायची. ‘माझा तुला, तुझा मला’. हे बोलायला वेळ नसतो. शेजारच्याच्या खांद्याचा स्पर्श, त्याच्या पायाचा रोख, एवढ्यावरच कळावं लागतं. पन्नास सामने शेजारी शेजारी खेळलेल्यांना ते कळतं. ऑगस्टमध्ये ओळख झालेल्यांना डिसेंबरमध्येही कधी कधी कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: बेंगल्सची फळी माणसांत कमी आणि माणसांच्या मधल्या जोडांत जास्त फुटत आली आहे. आणि हे जोड २०१७ साली उसवले, २०२१ साली नव्हे. अजून ते पुरते शिवून झालेले नाहीत.

आता हे २०१७ कुठून आलं ते सांगतो.

या संघाला फळीची थोर परंपरा आहे. अँथनी मुन्योझ १९८० च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि तेरा मोसम डाव्या टॅकलच्या जागी उभा राहिला. १९९८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. जाणकार आजही सर्वकाळच्या डाव्या टॅकलांत त्याचं नाव वर घेतात. पुढे त्याच जागी अँड्र्यू व्हिटवर्थ आला. २००६ ते २०१६, अकरा मोसम. शांत, अवाढव्य माणूस. डावा टॅकल म्हणजे उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ राखणारा. पाठीमागून काय येतंय ते क्वार्टरबॅकला दिसत नाही, ते या माणसाने बघायचं.

व्हिटवर्थचं वय वाढत होतं, म्हणून संघाने २०१५ च्या ड्राफ्टमध्ये त्याचे वारस आधीच घेऊन ठेवले. पहिल्या फेरीत, २१ व्या क्रमांकावर, सेड्रिक ओग्बुही. दुसऱ्या फेरीत जेक फिशर. कागदावर अतिशय शहाणा निर्णय. घरात म्हातारा माणूस आहे तोवर पोरांनी त्याच्याजवळ बसून शिकावं, असा विचार. पण पोरं तयार झाली नाहीत, आणि ती झाली नाहीत हे समोर दिसत असताना २०१७ च्या मार्चमध्ये पस्तीस वर्षांच्या व्हिटवर्थला जाऊ दिलं. त्याच महिन्यात उजवा गार्ड केव्हिन झाइटलरही गेला, तोही पहिल्या फेरीत निवडून आपणच घडवलेला. एका वसंतात डाव्या टोकाचा आणि उजव्या आतल्या बाजूचा, दोन्ही खांब निघाले.

व्हिटवर्थ कुठे गेला? लॉस एंजेलिस रॅम्सकडे. आदल्या वर्षी त्यांनी चार सामने जिंकले होते, बारा हरले होते. व्हिटवर्थच्या पहिल्या वर्षी अकरा जिंकले. सगळं श्रेय त्याचं नाही, प्रशिक्षकही नवा होता. पण त्यांच्या तरुण क्वार्टरबॅकची पाठ शाबूत राहिली. आणि आपल्याकडे? दरवर्षी एक नवं ठिगळ. २०१८ मध्ये पुन्हा २१ व्या क्रमांकावर सेंटर बिली प्राइस, तोही टिकला नाही. २०१९ मध्ये ११ व्या क्रमांकावर जोना विल्यम्स, आणि त्याचा खांदा असा दुखावला की पहिलं वर्ष एकही सामना न खेळता गेलं. (प्राइसला पुढे न्यू यॉर्क जायंट्सकडे देऊन बदल्यात बी. जे. हिल मिळाला, त्याने जानेवारी २०२२ मध्ये कॅन्सस सिटीत त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा चेंडू मधल्यामध्ये पकडला आणि तो सामना आपल्याकडे वळला. चुकीच्या निवडीतूनही कधी कधी असं पदरात पडतं.)

या ठिगळांच्या फळीमागे २०२० साली जो बरोला आणून उभं केलं. पहिल्या क्रमांकाची निवड. अथेन्स, ओहायोचा मुलगा, आपल्याच राज्यातला. तिसऱ्याच सामन्यात, फिलाडेल्फियात, आठ सॅक. दहा सामन्यांत ३२. आणि २२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध एक बचावपटू त्याच्यावर वरून आदळला आणि खाली त्याच्या रोवलेल्या पायावर ढकलाढकलीतला भार कोसळला. डाव्या गुडघ्याचे दोन लिगामेंट फाटले. गाडीवरून त्याला नेत असताना मी टीव्ही बंद केला. माझ्या बायकोने, जिला या खेळाचं काही सोयरसुतक नाही, विचारलं, ‘त्याची आई बघत असेल का रे हे?’ मला उत्तर देता आलं नाही.

मग आला एप्रिल २०२१. हा वाद तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल, काहींनी घातलाही असेल. बेंगल्सची निवड पाचवी. समोर दोन नावं: ओरेगन विद्यापीठाचा टॅकल पेनी सूअल आणि बरोचा कॉलेजमधला जोडीदार, लुइझियाना स्टेट विद्यापीठाचा जमार चेस. नुकताच ज्याचा गुडघा फाटलाय त्याला राखणदार द्यायचा की मित्र? संघाने चेस घेतला. सूअल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला आणि आज तो या खेळातला सर्वोत्तम टॅकल मानला जातो.

मला विचाराल तर चेसची निवड बरोबर होती. त्याने पहिल्या वर्षी १,४५५ यार्ड मिळवले, १३ टचडाउन केले (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं), आणि १९९१ च्या जानेवारीपासून प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, एकही सामना न जिंकलेला संघ सुपर बोलपर्यंत पोचला. सूअलने ते एकट्याने केलं नसतं, कारण टॅकल एकट्याने काहीच करत नाही. त्याच्या शेजारचा गार्ड कच्चा असेल तर त्याची अर्धी ताकद वाया जाते. चूक पहिल्या फेरीत झाली नाही. ती दुसऱ्या फेरीत झाली. बेंगल्सची निवड ३८ वी होती. ती सोडून ते खाली ४६ पर्यंत सरकले आणि क्लेमसनचा टॅकल जॅक्सन कार्मन घेतला, त्याला गार्ड बनवायचं म्हणून. त्याने गार्डचं काम कधी केलं नव्हतं आणि ते त्याला जमलं नाही. तेव्हा ओक्लाहोमाचा सेंटर क्रीड हम्फ्री शिल्लक होता. तो ६३ व्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने उचलला. ही निवड माझ्या डोक्यातून जात नाही, सूअलची नाही.

त्या मोसमात बरोला ५१ सॅक झाले, लीगमध्ये सर्वांत जास्त. वर प्लेऑफच्या चार सामन्यांत १९. एकूण ७०. त्यातले नऊ एकट्या टेनेसीच्या सामन्यात, आणि तरी आपण तो सामना १९–१६ ने जिंकलो, आपला किकर मॅकफर्सनच्या ५२ यार्डांच्या किकवर. नऊ वेळा जमिनीवर आपटलेला माणूस दहाव्यांदा उभा राहून चेंडू फेकतो, हे मी पाहिलं आहे, आणि त्याबद्दल मला त्याचा अभिमान आहे. पण न्यायाने बोलायचं तर सगळे सॅक फळीच्या नावावर घालता येत नाहीत. बरो त्या वर्षी चेंडू फार वेळ धरून ठेवायचा. मोठी खेळी होईल या आशेने आणखी एक पाऊल मागे, आणखी एक नजर लांबवर. पॉकेटचं गणित ठरलेल्या खोलीचं असतं. क्वार्टरबॅक दोन यार्ड जास्त मागे गेला की टॅकलने आखलेला कोन चुकतो आणि अगदी नीट अडवलेला माणूसही त्याच्यापर्यंत पोचतो.

सुपर बोलच्या त्या रात्री फळीची उजवी बाजू बघा. मूळचा उजवा टॅकल रायली रीफ डिसेंबरपासून जायबंदी. त्याच्या जागी आयझाया प्रिन्स, आणि शेजारी गार्ड हकीम अडेनिजी. दोघेही ड्राफ्टच्या सहाव्या फेरीतले. त्यांना मी दोष देत नाही. डॉनल्ड आणि व्हॉन मिलर यांच्यासमोर उभं राहायला त्यांना पुढे केलं गेलं आणि ते उभे राहिले.

आणि मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, रॅम्सच्या डाव्या टॅकलच्या जागी कोण होतं? अँड्र्यू व्हिटवर्थ. वय चाळीस. ज्याला आपण पस्तिशीत म्हातारा समजलो, तो पाच वर्षांनी आपल्याच विरुद्ध सुपर बोल जिंकला आणि मग निवृत्त झाला. सामना संपल्यावर तो बेंगल्सच्या जुन्या माणसांना मिठ्या मारताना पाहून मला जे वाटलं ते हरण्यापेक्षा वेगळं होतं. घरातला मोठा भाऊ दुसऱ्याच्या लग्नात राबताना दिसावा तसं.

आता कॅन्सस सिटीकडे बघू, कारण त्यांनी हेच दुखणं आपल्या एक वर्ष आधी भोगलं होतं. ७ फेब्रुवारी २०२१ ला टॅम्पा बेने त्यांना ३१–९ ने हरवलं. दोन्ही टॅकल जायबंदी होते, आणि पॅट्रिक महोम्स सगळा सामना पळत होता. त्यांनी काय केलं? पाचच्या पाच जागा बदलल्या. न्यू इंग्लंडचा जो थूनी पैसे मोजून आणला, बॉल्टिमोरचा ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर अदलाबदलीत घेतला, हम्फ्री दुसऱ्या फेरीत, ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत. तुम्ही म्हणाल, हे तर तुमच्या म्हणण्याच्या उलट झालं, एका वसंतात फळी विकत घेता येते! थोडं थांबा. त्यांनी आतले तिघे, थूनी, हम्फ्री आणि स्मिथ, जवळजवळ चार मोसम त्याच जागी, त्याच क्रमाने ठेवले. फळ कधी दिसलं? १२ फेब्रुवारी २०२३. समोर फिलाडेल्फिया, ज्यांनी त्या मोसमात ७० सॅक केले होते. सुपर बोलमध्ये त्यांना महोम्सचा एकही सॅक मिळाला नाही. शून्य.

आणि दोन वर्षांनी काय झालं तेही बघा. डावा टॅकल धड मिळेना म्हणून त्यांनी थूनीला गार्डच्या जागेवरून उचलून टोकाला नेलं. माणूस तोच, उत्तम. पण जोड मोडला. ९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये त्याच फिलाडेल्फियाने महोम्सला सहा वेळा पाडलं आणि ४०–२२ ने जिंकले. त्यासाठी जास्तीची माणसंही धाडली नाहीत, एकदासुद्धा नाही. नेहमीचे चौघेच पुरले. माझ्या म्हणण्याला यापेक्षा चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

बेंगल्सनीही २०२२ मध्ये पैसा काढला. गार्ड अ‍ॅलेक्स कॅपा, सेंटर टेड कॅरस, उजवा टॅकल लायेल कॉलिन्स, तिघे बाहेरून. चौथ्या फेरीत नॉर्थ डकोटा स्टेटचा कॉर्डेल व्होल्सन. जुना एकटा जोना विल्यम्स. पहिल्या सामन्यात सात सॅक. दुसऱ्यात सहा. गावात आरडाओरडा: पैसे पाण्यात गेले! मी त्या पंधरवड्यात चित्रफिती बघत होतो आणि मला एकच दिसत होतं, स्टंट आला की दोन जण एकाच माणसामागे. ओळखच नव्हती अजून. मग हळूहळू ती झाली. बरोही चेंडू लवकर सोडायला लागला. त्या मोसमातले त्याचे एकूण सॅक ४१. पहिल्या दोन सामन्यांतले तेरा वजा करा, पुढच्या चौदा सामन्यांत अठ्ठावीस. सामन्याला दोन. कुठल्याही संघाने आनंदाने घ्यावा असा आकडा.

आणि मग, अगदी जोड बसत आले असताना, एकामागून एक तिघे गेले. डिसेंबरमध्ये कॉलिन्सचा गुडघा. शेवटच्या साखळी सामन्यात कॅपाचा घोटा. प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात विल्यम्सची गुडघ्याची वाटी सरकली. २२ जानेवारी २०२३ ला बफेलोत तीन राखीव खेळाडूंची फळी घेऊन संघ उतरला.

तो सामना मला तुम्हाला दाखवता आला असता तर! बर्फ इतका की रेषा दिसत नाहीत. बफेलोचं मैदान, त्यांचा आवाज. अशा आवाजात क्वार्टरबॅकची हाक पाच पावलांवरही पोचत नाही, म्हणून मुकी मोजणी चालते. सेंटर मान खाली घालून चेंडू धरतो. गार्ड मागे वळून क्वार्टरबॅककडे बघतो, त्याची खूण मिळाली की सेंटरच्या अंगाला हाताने टपली मारतो. सेंटर मान वर करतो, एक ठोका थांबतो आणि चेंडू सोडतो. त्या एका टपलीवर पाचही जण सुटायला हवेत. एकालाही पाव सेकंद उशीर झाला तर समोरचा आत. त्या दिवशी ती टपली प्रत्येक वेळी बसली. कुठेच ताठ उभं राहून मारामारी नाही. सगळे खाली, जड, बर्फात पाय रोवून. बचावपटूंना घसरत्या जमिनीवर वळसे घालता येईनात आणि आपली माणसं सरळ पुढे ढकलत राहिली. २७–१०. अख्ख्या सामन्यात एक सॅक. टीव्हीवर सगळे बरोचं कौतुक करत होते. मी आमच्या बैठकीच्या खोलीत एकटा उभा राहून त्या तीन राखीवांसाठी टाळ्या वाजवत होतो.

आठवड्याने कॅन्सस सिटीत तीच फळी कोरड्या मैदानावर, त्यांचा बचावपटू ख्रिस जोन्ससमोर. पाच सॅक. २३–२० ने हरलो.

पुढचं थोडक्यात. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीचाच ऑर्लँडो ब्राउन डाव्या टॅकलसाठी आणला, चार वर्षांचा ६४ दशलक्ष डॉलरचा करार. त्या नोव्हेंबरात बरोचं मनगट गेलं. २०२४ मध्ये बरोने ४,९१८ यार्ड फेकले, ४३ टचडाउन दिले, दोन्हींत लीगमध्ये पहिला. चेस झेल, यार्ड आणि टचडाउन तिन्हींत पहिला. आणि संघ ९–८ वर प्लेऑफच्या बाहेर. त्याचं मोठं कारण बचाव होता, फळी नव्हे. पण ४८ सॅक त्याही वर्षी झाले. इथे माझ्याच म्हणण्याला एक पुरवणी जोडायला हवी. व्होल्सन, कॅरस, कॅपा हे तिघे तीन मोसम एकत्र होते, तरी दोन्ही गार्डच्या जागा कच्च्या राहिल्या. नुसतं शेजारी उभं राहून भागत नाही, अंगात कसही लागतो. कॅन्सस सिटीने कस असलेली माणसं निवडली आणि मग त्यांना हलवलं नाही. आपण कधी कस चुकलो, कधी हलवाहलव केली. १४ सप्टेंबर २०२५ ला, मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात, जॅक्सनव्हिलविरुद्ध सॅक होताना बरोच्या डाव्या पायाचा अंगठा असा दुमडला की शस्त्रक्रिया करावी लागली. गुडघा, मनगट, अंगठा. सहा मोसमांत तीन मोठी दुखणी. मनगटाचं खापर मी फळीवर फोडणार नाही. बाकी दोन्ही वेळा तो पॉकेटमध्येच पडला.

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, ‘मग आता आशा कशाची धरायची?’ मला दोन नावं दिसतात. २०२४ ला १८ व्या क्रमांकावर घेतलेला उजवा टॅकल अमेरियस मिम्स, आणि २०२५ ला तिसऱ्या फेरीतला डावा गार्ड डिलन फेअरचाइल्ड. दोघेही जॉर्जिया विद्यापीठाचे, तिथे एकाच फळीत खेळलेले. मिम्सचे पाय बघा कधी, एवढ्या मोठ्या देहाचे पाय इतके हलके पडताना मी फारसे पाहिलेले नाहीत. ब्राउन आता तिशीला टेकलाय, कॅरस तेहतिशीला. म्हणजे दोन वर्षांत पुन्हा तीच वेळ येणार आहे जी २०१७ च्या मार्चमध्ये आली होती: जुना खांब, नवी पोरं. या वेळी त्या पोरांना बदली करून इकडून तिकडे नेऊ नका, जागा फिरवू नका, एक वाईट सामना झाला म्हणून बाकावर बसवू नका. आणि जो जुना अजून उभा राहू शकतो, त्याचं वय मोजून त्याला दार दाखवू नका. संघाच्या कचेरीत माझा आवाज पोचत नाही, पण पुढच्या सप्टेंबरात नदीकाठच्या त्या स्टेडियममध्ये मी खालच्या बाजूला बसलेला असेन, आणि पहिल्या खेळीला ७१ क्रमांकाचा मिम्स त्याच्या त्याच जागी वाकून उभा आहे का, ते आधी बघेन.